माझ्या टार्गेटवर तिच्या गोळ्या

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वार्षिक फायरिंग झालं. पास. दहात सात. सहा लागतात.

खोटं आहे. दोनच माझे. डाव्या हातानं पहिल्यांदाच अख्ख्या रांगेसमोर पिस्तूल धरलं. पहिली गोळी सुटली तेव्हा टार्गेटमागच्या मातीत धूळ उडालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. दुसरीचीही. तिसरीला रिकामी पुंगळी उडून कॉलरमध्ये शिरली, मानेला चटका बसला, मी जागची हललेच. आणि शेवटी कागदावर छिद्रं सात! शेजारच्या टार्गेटवर संगीता होती. माझ्याच भरतीची, एकाच खोलीत ट्रेनिंग काढलेली. दरवर्षी दहात दहा मारणारी बाई. आज तिच्या कागदावर पाच. नापास.

हिशेब लावायला फार डोकं लागत नाही.

आरपीआय साहेब, म्हणजे आमचे राखीव निरीक्षक, खूश. "शोभाताई, जिद्द असावी तर अशी." टाळ्या झाल्या. मी सॅल्यूट ठोकला. अंगठा नाही आणि पहिलं बोट वाकत नाही, तरी सॅल्यूट उजव्याच हातानं करावा लागतो. तो हात कपाळाशी नेला की सगळ्यांना दिसतो. आज टाळ्या वाजवताना सगळे तिकडेच बघत होते.

जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं, पास झाले. हे पेढे घेऊन आले.

१९ नोव्हेंबर

कपडे बदलायच्या खोलीत संगीताला गाठलं. दुसरं कुणी नव्हतं.

"काल कोणत्या टार्गेटवर मारून राह्यली होती तू?"

"माह्याच. मन नव्हतं थाऱ्यावर."

"खोटं नोको बोलू."

"तुले पास व्हाचं होतं नं? झाली नं? मंग गप राय."

"मले भीक नोको तुही."

ती शर्टाची बटणं लावत होती. लावतच राहिली. वर पाहिलं नाही. मी दार आपटून बाहेर आले आणि मग आठवलं, अमरावतीच्या स्पर्धेची टीम ह्याच फायरिंगवरून निवडतात. गेल्या दोन वर्षांत तिची संधी हुकलेली. एकदा बाळंतपण, एकदा सासऱ्यांचं आजारपण. ह्या वर्षी नक्की होती.

तिला हे माहीत होतं. तरी मारल्या.

आभार मानायचे सोडून भीक म्हणाले. मीही काय बाई आहे!

२१ नोव्हें.

हेडक्वार्टरला नवीन आलेली एक पोरगी. चहाच्या टपरीवर मोठ्या आदरानं विचारते, "ताई, कोणत्या बंदोबस्तात लागलं हे तुमाले?"

सांगितलं. बंदोबस्तात नाही, थ्रेसरमध्ये. मागच्या सालच्या सोयाबीनला. जऊळक्याला भावाच्या वावरात मजूर मिळेनात, म्हणून रजा टाकून गेले होते. शहाणपणा करून सगळ्यांसाठी सुती हातमोजे विकत घेतले. पोलीस ना मी! "मोजे घाला रे, हात सांभाळा," म्हणून दटावत होते. बाकीच्यांनी पाचव्या मिनिटाला काढून फेकले, मोज्यात पेंढी धरवत नाही म्हणाले. मी एकटीनं घालून ठेवले. मोज्याचं टोक आत ओढलं गेलं, मागोमाग हात. नुसता हात असता तर बहुतेक निसटला असता.

पोरगी "हो का" म्हणाली आणि चहात बघत बसली. दंगलीत दगड लागला म्हटलं असतं तर पाया पडली असती. पोलिसाचा अंगठा कुटारात, भुशात गेला, ह्याचं कुणी काय करावं?

२३ नोव्हें., रविवार

मानोऱ्याला नणंदेच्या मुलीचं साक्षगंध. पंगतीत वाढायला उभी राहिले, कारण नुसती बसून राहिले की बायका विचारपूस करतात. बुंदीचं ताट उजव्या दंडावर तोललं, डाव्या हातानं वाढत गेले. चौथ्या पानावरच्या म्हाताऱ्या बाबांनी पत्रावळीवर आडवा हात धरला.

"त्या हातानं नोको वाढू माय. दुसऱ्या कोनाले पाठव."

रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं. ताट जावेकडे दिलं. कोपऱ्यात जाऊन पदर सारखा करत राहिले, नीटच होता तो.

येताना गाडीत हे म्हणाले, "जुनी मानसं हायेत, तू कायले मनाले लावून घेते?" बाबांना कसं सांगू, की डाव्या हाताचं मलाही पटत नाही! बुंदी वाढायला नाही आणि गोळी मारायलाही नाही.

२७ नोव्हें.

कारंजा पार्टी. म्हणजे महिला आरोपीला वाशिमच्या जेलातून कारंज्याच्या कोर्टात नेऊन परत आणायचं. मी, दोन पुरुष शिपाई, गाडी. पिस्तूल माझ्याकडे, कारण मी पास.

डाव्या बाजूचं होल्स्टर मिळत नाही. उजव्याचंच डावीकडे लावलंय, पिस्तुलाची मूठ, दस्ता, पुढे येतो. आरोपी बाई माझ्याच वयाची, एका तांड्यावरची. नवऱ्याच्या डोक्यात फुकणी घातली म्हणून आत आहे. नवरा जिवंत आहे, भेटायलाही येतो. अर्धा रस्ता ती माझ्या कमरेकडे बघत होती.

"बाई, थे चालवता येते का तुमाले?"

"येते."

"त्या हातानं?"

"गप बस."

पुढे कोर्टाच्या आवारात तिच्या दिराची माणसं जमली, आरडाओरडा झाला, एकानं चप्पल उगारली. हात नुसता दस्त्यावर ठेवायचा म्हटलं तर बोटं कुठं ठेवावीत तेच सुचेना. पुरुष शिपायांनी लोटालोटी करून त्यांना मागे सारलं. ती माझ्या पाठीमागे उभी होती. माझा शर्ट तिनं घट्ट धरला होता.

मी हिच्या रक्षणाला आहे. ही माझ्या भरवशावर आहे. आणि हिचा भरवसा संगीताच्या पाच गोळ्यांवर.

परत येताना होल्स्टरचं बटण लावून टाकलं.

३० नोव्हें., रवि.

ठरवलं. शिकायचं. खरोखरचं.

पिस्तूल घरी आणता येत नाही, शस्त्रागारात जमा होतं. म्हणून बाजारात जाऊन टिकल्यांचं पिस्तूल आणलं. दिवाळीचा उरलेला माल. दुकानदार विचारतो, "लेकरू केवढं हाये?" सहा वर्षांचं, म्हणाले. आमची पोरगी बारावीला आहे.

स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. सासूबाई आल्या, दारातच थांबल्या, पाहिलं, परत गेल्या. बाहेर ह्यांना विचारत होत्या, "इले बरं नाई का?"

४ डिसेंबर

एक गोष्ट कळली, आणि कळल्यावर स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली. हात पुढे करून दूरच्या विजेच्या खांबावर बोट धरलं. डावा डोळा मिटला, बोट खांबावरच. उजवा मिटला, बोट खांबावरून बाजूला. म्हणजे हात बदलला तरी नेम धरणारा डोळा उजवाच. बघतो तो उजवा आणि मी मारते डाव्यानं, तेही उजवा डोळा मिटून! म्हणून गोळ्या मातीत.

मग डोळा मिटायचाच नाही. मान जराशी डावीकडे, हनुवटी डाव्या खांद्याकडे. पिस्तूल नाकासमोर न धरता उजव्या डोळ्यासमोर आणायचं. टिकल्यांच्या पिस्तुलावर तरी जमतंय.

सगळी टिकल्यांची डबी संपली. घरभर दिवाळीचा वास.

९ डिसें.

आरपीआय साहेबांना विचारलं, सकाळी शस्त्रागाराच्या अंगणात रिकामं पिस्तूल हाताळायला मिळेल का? साहेब म्हणाले, "पास होऊनसुद्धा सराव? बघा रे, शिका काहीतरी ह्यांच्याकडून." चार पोरं उभी होती. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. परवानगी मिळाली.

गोळी आत यायला पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायचा, ते काम पूर्वी डाव्या हाताचं. आता ते उजव्यानं करायचं, अंगठ्याशिवाय. चिमटीत धरताच येत नाही. चार वेळा निसटला, एकदा तळव्याचं कातडं सोललं. बसले खाली.

१० डिसें.

वरून तळवा टेकवायचा, तीन बोटं पलीकडून आवळायची. आणि ओढायचं नाहीच. उजवा हात खुंट्यासारखा जागच्या जागी ठेवायचा, डाव्या हातानं पिस्तूल पुढे ढकलायचं. खटकन मागे गेला!

अंगणात एकटीच हसले. मग शस्त्रागाराच्या खिडकीतून संगीता बघताना दिसली. मी पाहिल्यावर बाजूला झाली. अजून बोलणं नाही.

१५ डिसें.

मॅगझिन सोडायचं बटण डाव्या बाजूला. उजव्या हातात धरलं की ते अंगठ्याखाली येतं. डाव्यात धरलं की पहिल्या बोटानं दाबायचं. सेफ्टीपर्यंत डावा अंगठा पोचत नाही. ती उजव्या हाताच्या मधल्या बोटानं. सगळं उलटं. भाकरीचंही असंच झालं होतं, पहिले दोन महिने भाकरी परातीतून गोल फिरायचीच नाही. सासूबाई म्हणायच्या, "असू दे, पोटात गेल्यावर कुठी गोल राह्यते?"

अंबाडा मात्र अजून जमत नाही. हे बांधून देतात. कवायतीत सैल होतो, जाळी कानावर येते. आज परेडला मागून कुणीतरी हसलं.

२१ डिसें., रवि.

गजानन आला, माझा भाऊ. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याची भाजी घेऊन. वर्ष झालं, माझ्या हाताकडे बघत नाही. पाणी दिलं तर भांड्याकडे बघतो. तुरीला थ्रेसर लावणार का विचारलं. "नाई. बायाइले सांगून काठीनंच झोडपतो औंदा." एवढा तोटा सोसतोय मुकाट्यानं. माझ्या मूर्खपणासाठी.

म्हटलं, "लाव रे. मोजे नोको घालू मात्र कोनी." हसेल वाटलं. रडायलाच लागला. मग मीही.

२९ डिसें.

अमरावतीची टीम गेली. सकाळी हेडक्वार्टरच्या फाटकावर गाडी उभी होती. संगीताच्या जागी दुसरी पोरगी. संगीतानं स्वतःचे कान झाकायचे मफ तिला दिले, कसे लावायचे दाखवलं, पट्टा घट्ट करून दिला. गाडी हलल्यावर आत निघून गेली.

मी पलीकडे गार्डरूमच्या खांबाच्या आडोशाला होते. बाहेर यायचं धाडस झालं नाही. हे सगळं माझ्यामुळे, आणि मी खांबाआड लपले आहे.

माझ्या जागी दुसरी एखादी असती तर तिच्याशी दोन शब्द तरी बोलली असती.

५ जानेवारी

नोटीस लागली. नापास झालेल्यांचं फायरिंग वीस तारखेला. मी साहेबांकडे गेले, मलाही घ्या म्हणून.

"तुम्हाला कशाला? तुम्ही पास आहात."

"सराव म्हणून, सर."

"गोळ्या मोजून येतात हो ताई."

उभीच राहिले. साहेब म्हणाले, दोन-चार गैरहजर राहतीलच, बघू. बाहेर कारकून म्हणाला, "पास झालेल्या बाईनं परत फायरिंग मागायचं, हात दाखवून अवलक्षण कायले?" त्याचंही बरोबर. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण माझी मूठ झाकतच नाही ना, त्याला काय करू?

१४ जाने., संक्रांत

हेडक्वार्टरला तिळगूळ. सगळ्या एकमेकींना देत होत्या. संगीता समोर आली. सवयीनं उजवाच हात पुढे गेला माझा. तिनं लाडू तळव्यावर ठेवला. घरंगळेल म्हणून मी डावा हात खाली धरणार, तेवढ्यात तिनंच माझी बोटं एकेक करून लाडवावर मिटली.

"गोड बोल म्हनलं असतं, पन तू बोलतच नाई."

"तू कुठी बोलते?"

"मी भिकारीण नाई, भीक वाटनारी हाये नं? वाटनारे बोलत नसतात."

चार जणी होत्या म्हणून हसून घेतलं. मग पाण्याच्या टाकीमागे गेलो आणि तिनं सांगितलं ते लिहून ठेवते. म्हणाली, तुझी पहिली गोळी मातीत गेली, मग दुसरी गेली, तुझं तोंड पाहिलं मी. तू नापास झाली असती तर तुले वायरलेसच्या खोलीत बसवलं असतं, कायमचं. तू तिथी मेली असती. माह्या पाच गोळ्या गेल्या त काय झालं?

"अमरावती गेलं."

"थे त दरवर्षी येते."

मी माफी मागितली. "ठीक हाये" म्हणाली. पण डोळे पुसले तिनं, अमरावती म्हटल्यावर.

२० जाने., मंगळवार

फायरिंग झालं.

सकाळीच संगीताला बजावलं, रांगेच्या एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. "माह्याकडे पाह्यशीन त याद राख." साहेबांनी मला शेवटचं टार्गेट दिलं. माझ्या पलीकडे बाभळीचं झाड, अलीकडे एक म्हातारा जमादार, त्याच्या गोळ्या त्यालाच पुरत नाहीत.

घाई केली नाही. तळवा, तीन बोटं, ढकल. हनुवटी खांद्याकडे. दोन्ही डोळे उघडे. उजव्या हाताची उरलेली बोटं डाव्याखाली. धक्का बसला की जुन्या जागेत कळ जाते, कोपरापर्यंत. पुंगळी ह्या वेळी नाकासमोरून गेली, हलले नाही. सातव्या गोळीला हात भरून आला. थांबले, खाली घेतला, परत उचलला. बाकीच्यांचं उरकलं होतं. शेवटच्या दोन गोळ्या साऱ्या मैदानात माझ्या एकटीच्याच.

टार्गेटपाशी गेलो. संगीताचे दहात दहा, नेहमीसारखे. ती धावत माझ्या कागदाकडे आली आणि एकेका छिद्रावर बोट ठेवत गेली. पाच. परत मोजले. पाचच. सगळे एका बाजूला, पण जवळजवळ. डाव्या हाताचे, उजव्या डोळ्याचे, माझे.

"पाच तुह्ये हायेत, शोभे. सगळेच्या सगळे तुह्ये."

"एक कमी हाये."

"हाये त हाये."

मला इतका आनंद झाला होता, आणि एका गोळीनं नापास होते. दोन्ही एकदमच. रडू आलं ते कशाचं, कुणास ठाऊक.

साहेब आले, कागद पाहिला. मग म्हणाले, "तुमचं नाव ह्या यादीत नाही, त्यामुळे हे कुठे चढवत नाही. तुम्ही पासच आहात." कागद घडी करून माझ्याच हातात दिला. त्यांना कळलं की नाही, कळत नाही. नोव्हेंबरात सात आणि दीड महिना घाम गाळून पाच, कुणालाही प्रश्न पडेल. पडला असेल तर त्यांनी तो खिशात घातला.

पुढचं फायरिंग आता वर्षानं.

२० जाने., पुन्हा

झोपायच्या आधी ड्युटी कळली. उद्या कारंजा पार्टी, तीच बाई, तिची तारीख. पिस्तूल माझ्या नावावर.

संगीताला फोन केला. म्हटलं, मी पिस्तूल घेत नाही, सांगून टाकते साहेबांना, मला येत नाही म्हणून. ती म्हणाली, "येत नाई म्हनशीन, त सात कसे आले इचारतीन. मंग?"

मग तिच्या पाच गोळ्या निघतात. दुसरीच्या टार्गेटवर मारल्या म्हणजे चौकशी, कदाचित निलंबन. तिला दोन लेकरं. मी खरं बोलून मोकळी होणार आणि ती बुडणार. आणि गप्प बसले तर उद्या ती बाई पुन्हा माझा शर्ट धरून उभी राहील, आणि माझ्या हातात दहातल्या पाचाचा भरवसा.

"तू घेजो पिस्तूल," म्हणाली. "पाच काही कमी नसतात." ती मनापासून म्हणाली की मला झोप लागावी म्हणून, ते ओळखता आलं नाही. तिच्यावरही रागावले मनातून, आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. ह्या दोन महिन्यांत दुसरं काही वाटलेलंच नाही जणू.

हे घोरतायत. अंबाडा बांधायला पहाटे उठवावं लागेल त्यांना.

सहाला शस्त्रागाराची खिडकी उघडते. नावानं हाक मारतात, पिस्तूल फळीवर ठेवतात, आपण हात पुढे करायचा. मी खिडकीपाशी जाणार, एवढं नक्की. हात पुढे होईल की नाही, ते तिथे उभी राहिल्यावरच.